सुवर्णप्रभेवरचा सत्ताविसावा माणूस

कॅप्टन मनोहर सबनिसांना आपलं पुस्तक हवं होतं, आणि तेही डोळे पुरते जायच्या आत. अठ्ठ्याहत्तरी उलटली होती. उजव्या डोळ्यानं केव्हाच अंग काढून घेतलं होतं आणि डाव्यात जो काही उजेड उरला होता, तो डॉक्टरांच्या मते फार तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणार होता. त्यांची मुलगी प्रणिता हिनं सिंगापूरच्या मराठी मंडळातल्या गणपतीच्या कार्यक्रमात मेधाला गाठलं आणि म्हणाली की बाबांच्या आठवणी कुणीतरी नीट मराठीत उतरवायला हव्यात. तू इतिहासवाली आहेस, तूच कर.

मेधा इतिहासवाली होती हे खरं, पण तिचा इतिहास दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि पार परक्या मुलखातला. पुण्यात असताना तिनं रोमच्या इतिहासकारांवर प्रबंध लिहायला घेतला होता. त्या लोकांनी आपले राजे, आपल्या लढाया, आपली माणसं कशी रंगवली, कुणाला मोठं केलं आणि कुणाला नुसतं आकड्यात बसवलं, असा तिचा विषय. चार प्रकरणं झाली आणि नवऱ्याला, संजीवला, सिंगापूरची नोकरी लागली. मग ऋता झाली, मग ऋताची शाळा सुरू झाली, आणि प्रबंध बुकित बातोकच्या फ्लॅटमधल्या कपाटात वरच्या फळीवर जाऊन बसला. ती रोमन माणसं मात्र कपाटात राहिली नाहीत. भाजी निवडताना, लिफ्टची वाट बघताना त्यातला एखादा हळूच येऊन तिच्याशेजारी उभा राही. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्या वर्षी, म्हणजे २०१५ च्या सप्टेंबरात, सिंगापूरवर धूर उतरला. पलीकडच्या बेटांवर रानं जळत होती आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून येत होता. समोरच्या इमारती पुसल्यासारख्या झाल्या, सूर्य दुपारी बारा वाजता तांब्याच्या पैशासारखा दिसू लागला, आणि लोक तोंडाला मास्क लावून एकमेकांना न ओळखताच जाऊ लागले. अशा धुरातून मेधा आठवड्यातून दोनदा बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची. जुरॉंग ईस्टला गाडी बदलली की थेट पासिर रिस, शेवटचं स्टेशन; सबनिसांचं घर तिथे. तासाभराच्या त्या प्रवासात तिचे डोळे मिटायचे. डबा जमिनीवरून चालला आहे की ढगावरून, हे कळत नसे.

सबनीसकाका खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसून सांगत आणि ती लिहून घेई. त्यांचं बोलणं फार देखणं होतं. मोंबासाच्या बंदरातली पहाट, आकाबाला डेकवर आलेलं वाळूचं वादळ, ओसाकाला बर्फात हरवलेला खलाशी, असं एकेक ते सावकाश, एखादी घडी उलगडावी तसं उलगडत. मध्येच थांबून दिसेनाशा झालेल्या खिडकीकडे बघत राहत. "जहाजावर कॅप्टन म्हणजे राजा," असं ते नेहमी म्हणत. "फरक इतकाच, की राजाला वेशीबाहेर पळता येतं."

घरी येऊन मेधा ते सगळं नीट लिहून काढी, आणि लिहिता लिहिता तिला आपल्या रोमनांपैकी एक जण आठवे. तो सैन्यात घोडदळाचा अधिकारी होता. ज्या सेनापतीच्या हाताखाली तो लढला, तो पुढे सम्राट झाला. त्या अधिकाऱ्यानं इतिहास लिहिला तेव्हा त्यात आपला सम्राट म्हणजे नुसता सद्गुणांचा पुतळा. आजारी सैनिकांना स्वतःची पालखी देणारा, प्रत्येकाच्या जखमेची चौकशी करणारा. पंच्याऐंशी वर्षांनी दुसऱ्या एकानं त्याच सम्राटाबद्दल लिहिलं. त्यात तो आतल्या गाठीचा, संशयी, क्रूर. माणूस एकच होता. मेधाचा तिसऱ्या प्रकरणातला प्रश्नच हा होता, की पालखी खरी की क्रौर्य खरं. उत्तर सापडायच्या आत तिनं सामान बांधलं होतं.

पाचव्या-सहाव्या बैठकीत सुवर्णप्रभेची गोष्ट आली. काकांचं ते शेवटचं जहाज. १९८७ च्या मार्चमध्ये मद्रासहून कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं घेऊन सिंगापूरकडे येत असताना, अंदमानच्या समुद्रात भर दुपारी इंजिनरूमला आग लागली. इंधनाच्या टाक्या भिंतीला लागूनच होत्या. आणखी पंधरा मिनिटं आग तशीच राहिली असती, तर जहाज फुटलं असतं. अशा वेळी एकच उपाय असतो, काकांनी समजावून सांगितलं. इंजिनरूमचे सगळे झरोके आणि दारं बंद करायची, माणसांची हजेरी घ्यायची आणि बाटल्यांत साठवलेला कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा. आग गुदमरून मरते. आत जो कुणी असेल तोही. म्हणून आधी हजेरी.

"आग विझली," काका म्हणाले. "सव्वीस माणसं घेऊन जहाज सिंगापूरला ओढत आणलं. एक खलाशी दगावला. लिही."

मेधानं लिहिलं. शेवटच्या त्या तीन शब्दांकडे ती बघत राहिली. रोममध्ये एका बड्या अधिकाऱ्याचा त्याच्या गुलामानं खून केला, तेव्हा कायद्याप्रमाणे घरातल्या सगळ्या गुलामांना मारलं. चारशे जण. इतिहासकारानं ती हकीकत लिहून ठेवली, दरबारात कोण काय बोललं तेही लिहिलं. चारशेपैकी एकाचं नाव मात्र लिहिलं नाही.

"काका, त्याचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

तिला वाटलं होतं, त्यांना आठवावं लागेल. पण नाव जसं काही ओठांवर वाटच बघत होतं. "चंद्रशेखर तांडेल. ऑइलर होता, यंत्रांना तेल घालायचं काम. गुहागरचा. वय चौतीस." एवढं बोलून काकांनी त्या दिवशीची बैठक संपवली.

मेधानं मंडळाच्या ग्रुपवर आणि जहाजी लोकांच्या एका पानावर दोन ओळी टाकल्या, की सुवर्णप्रभेवर काम केलेलं कुणी असेल तर कळवा. आठ दिवसांत दोन उत्तरं आली. एक होतं मुंबईहून, अभय राजाध्यक्ष नावाच्या गृहस्थांचं. आगीच्या वेळी ते जहाजावर सेकंड ऑफिसर होते. त्यांचं पत्र पाच पानी होतं आणि पाचही पानं कॅप्टनच्या कौतुकानं ओसंडत होती. कॅप्टन आजारी खलाशाच्या उशाशी बसले, कॅप्टननी आपल्या वाटचं पाणी दिलं, आगीच्या वेळी त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. हजेरी मोजताना मात्र आपली चूक झाली, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं. सत्तावीस मोजले आणि प्रत्यक्षात होते सव्वीस. त्याचा दोष माझा, कॅप्टनचा नव्हे. वाचता वाचता मेधाच्या डोळ्यांपुढे तो घोडदळाचा अधिकारी उभा राहिला. सहीसुद्धा त्याचीच असेल असं तिला क्षणभर वाटून गेलं.

दुसरं उत्तर एका ओळीचं होतं. "मी जहाजावर नव्हते. माझे वडील होते. रुचिरा तांडेल."

ती सिंगापुरातच होती. जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात इंजिनिअर. रविवारी सकाळी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या उघड्या बाजारात, दोघी भेटल्या. धूर इतका दाट होता की पंखे फिरत असूनही तो नुसता एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे सरकत होता. रुचिरा तिशी ओलांडलेली, काटक, हातावर जुन्या भाजल्याचा डाग असलेली. तिनं दोन कप कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली आणि काही प्रस्तावना न करता बोलायला लागली.

वडील गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. घरी आधी तार आली, मग त्यांच्या सामानाची पेटी आली. हजेरीत चूक झाल्याचं आणि अस्थी इथेच सिंगापुरात सोडल्याचं कागदावर लिहिलं होतं. बाकीचं गावानं पुरवलं. गावात तो कॅप्टन म्हणजे राक्षस. जेवायला बसला होता म्हणे. माल वाचावा म्हणून इंजिनरूमच्या दाराला बाहेरून कडी घालायला लावली. आतून हाका येत होत्या आणि हा हसला. दर वर्षी गोष्टीत एक नवा तपशील येई. कुणी म्हणे त्यानं दारू मागवली, कुणी म्हणे त्यानं रेडिओ मोठा केला. रुचिराची आई मात्र काहीच म्हणत नसे. ती ऐकून घेई आणि उठून आत जाई.

"मेधाताई, मी इंजिनिअर झाले ते त्या दारासाठी," रुचिरा म्हणाली. "मला बघायचं होतं, त्या दाराला बाहेरून कडी असते का."

"आणि?"

"नसते. कुठल्याच जहाजावर नसते. इंजिनरूमचं दार आतून उघडतं. पहिल्या जहाजावर पहिल्याच दिवशी कळलं मला ते. त्या दारापाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. लहानपणापासून ज्याचा राग केला, तो माणूसच तिथे नव्हता. पण मग काय झालं, तेही कुणाला ठाऊक नाही."

मेधानं तिला रोमच्या आगीची गोष्ट सांगितली. शहर जळत असताना सम्राट गात होता, हे सगळ्या जगाला माहीत आहे. ज्यानं ते लिहून ठेवलं, त्यानं ही अफवा असल्याचंही लिहिलं होतं. आग लागली तेव्हा सम्राट शहरात नव्हताच, दूर किनाऱ्यावर होता, हेही त्यानंच लिहिलं. पण अफवा वगळली नाही. लोकांनी बाकीचं सोडून दिलं आणि गाणं तेवढं ठेवलं. रुचिरानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यानं अफवा लिहिलीच कशाला?"

त्या आठवड्यात धूर इतका वाढला की शुक्रवारी सरकारनं शाळाच बंद ठेवल्या. खिडक्या गच्च लावून मेधा आणि ऋता घरात बसल्या. दहा वर्षांच्या ऋताला आई काय लिहिते आहे याची उत्सुकता होती. मेधानं तिला अभयरावांचं पत्र आणि गुहागरची गोष्ट, दोन्ही थोडक्यात सांगितलं. ऋतानं भुवया आवळल्या आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आई, जस्ट टेल मी लाह. ही वॉज गुड ऑर बॅड?"

"तेच कळत नाहीये," मेधा म्हणाली.

"देन हाऊ टू राइट?" असं म्हणून ऋता आपल्या चित्राकडे वळली.

दुपारी मेधाचा डोळा लागला. स्वप्नात बेडोकचं हॉकर सेंटर होतं, पण टेबलं संगमरवराची होती आणि धुरातून पांढरी वस्त्रं नेसलेली म्हातारी माणसं येऊन बसत होती. कुणाच्या हातात मेणाच्या पाट्या, कुणाच्या हातात गुंडाळ्या. त्यांच्यात एक जण असा होता, की ज्याचा सासरा ब्रिटनमध्ये सेनापती होता. सासऱ्यानं ज्या टोळ्यांना हरवलं, त्यांच्या नायकाच्या तोंडी या जावयानं एक भाषण घातलं होतं. रोमविरुद्धचं इतकं जळजळीत भाषण दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. आणि ते लिहिलं एका रोमनानं, सासऱ्याच्याच चरित्रात. मेधा त्याच्या समोर जाऊन बसली. तुम्ही तर तिथे नव्हतात, मग ते काय बोलले हे तुम्हाला कसं ठाऊक, असं तिला विचारायचं होतं. तो खोकत होता. त्यानं आपली पाटी तिच्याकडे सरकवली. पाटीवर काहीच नव्हतं, नुसतं गुळगुळीत मेण, आणि त्यात धूर हळूहळू बुडत होता.

उठल्यावर तिनं प्रकरण लिहायला घेतलं. तीन दिवसांत लिहून झालं. त्यात काकांनी सांगितलेली आग होती, अभयरावांचं पत्र होतं, गुहागरला अठ्ठावीस वर्षं वाढत गेलेली गोष्ट होती आणि बाहेरून कडी नसलेलं दारही होतं. स्वतःचं मत तिनं एका शब्दानंही घातलं नाही. आणि चंद्रशेखर तांडेलचं नाव पहिल्याच ओळीत लिहिलं.

प्रणितानं ते आधी वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. ती रागावली नाही, पण मेधाला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली की सव्वीस जणांचे जीव वाचवणाऱ्या माणसाला या वयात हे ऐकवायचं का? ही त्यांच्या आयुष्याची आठवण म्हणून करतो आहोत आपण, खटला म्हणून नव्हे. मेधाला तिचं म्हणणं पटलं नाही असंही नव्हतं. तिनं ते प्रकरण पिशवीत परत ठेवलंही. पण बाहेरून काकांचा आवाज आला. डोळे गेले तरी कान शाबूत होते.

"वाच," ते म्हणाले. "प्रणिता, तू चहा टाक."

मेधा वाचत गेली. खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं; आठव्या मजल्यावरचं ते घर पांढऱ्या धुरात नुसतं तरंगत होतं. कडीचा उल्लेख आला तेव्हा काकांची बोटं खुर्चीच्या हातावर हलली. हसल्याचा उल्लेख आला तेव्हा नाही हलली. अभयरावांच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मेधानं वाचलं आणि तिथे काकांनी हात वर केला.

"अभयनं बरोबर मोजलं होतं," ते म्हणाले. "सव्वीस. त्यानं मला सव्वीसच सांगितले. एक कमी आहे हे मला ठाऊक होतं."

प्रणिता दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती तशीच राहिली.

मग काकांनी सांगितलं. या वेळी त्यांचं बोलणं देखणं नव्हतं. एक कमी आहे कळल्यावर सेकंड इंजिनिअर खाली उतरायला गेला आणि दोन्ही हात भाजून परत आला. काका ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, घड्याळाकडे बघत थांबले. चार मिनिटं. चौथ्या मिनिटाला ब्रिजवरचा फोन वाजला. तो फोन इंजिनरूमच्याच आतल्या कंट्रोलरूममधून आला होता. त्यांनी उचलला. पलीकडे नुसती घरघर. "हॅलो" म्हणाले, तांडेलचं नाव घेतलं, दोनदा घेतलं. कुणी बोललं नाही. मग डेकवरून ओरडा आला की पिंपांच्या बाजूचा पत्रा लाल होतोय, आणि त्यांनी फोन ठेवून गॅस सोडायचा हुकूम दिला.

"तो जिवंत होता की आगीनं तार जळून घंटा वाजली, मला माहीत नाही," काका म्हणाले. "आग विझल्यावर आत गेलो तेव्हा तो कंट्रोलरूमच्या दाराशी होता. फोन लोंबकळत होता. चौकशीत कंपनीचा माणूस म्हणाला, हजेरीत चूक झाली असं लिहिलं तर सगळ्यांनाच सोपं. अभयनं सही केली. दोन वर्षं त्याची बढती अडली. एका शब्दानं बोलला नाही कधी. फोनचं कुणालाच सांगितलं नाही मी. प्रणिताच्या आईलाही नाही."

चहावर साय धरली. मग काकांनी विचारलं, "ती मुलगी इथेच असते म्हणालीस ना? येईल का?"

रुचिराला मेधानं फोनवर सगळं सांगितलं नाही. कॅप्टन भेटू म्हणतात एवढंच सांगितलं. ती पुढच्या रविवारी आली. तिनं बूट दाराशी नीट लावून ठेवले आणि काकांच्या समोर स्टुलावर, पाठ ताठ ठेवून बसली. काकांना तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ते तिच्याकडेच बघत होते. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, एकही गोष्ट न गाळता, आणि माफीचा शब्द त्यात कुठेच नव्हता. मेधाला वाटलं, माफी मागायची त्यांना लाज वाटत असावी. अशी गोष्ट मागून वर आपणच हलकं व्हायचं म्हणजे काय.

रुचिरानं मध्ये अडवलं नाही. संपल्यावर तिनं विचारलेले प्रश्न एका इंजिनिअरचे होते. पर्यायी शिडी कुठल्या बाजूला होती? आग कुठल्या पंपाला लागली? कंट्रोलरूमला वेगळा झरोका होता का? काका एकेकाचं उत्तर देत गेले, खलाशी अधिकाऱ्याला देतो तसं. तिनं खिशातून कागद काढून त्यावर इंजिनरूमचा नकाशा काढला. काकांना तो दिसत नव्हता, म्हणून त्यांचं बोट हातात धरून तिनं कागदावर फिरवलं. "इथे शिडी. इथे पंप. इथे माझे वडील. म्हणजे शिडीच्या वाटेवर आग होती, सर."

"हो."

"मग चार मिनिटांत काय आणि दहात काय."

रुचिरा कागदाची घडी घालत म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर किती थांबले असते, मला माहीत नाही. कमी थांबले असते कदाचित. पण घरी कागदावर चूक म्हणून लिहून आलं, सर. माणूस मोजायला चुकला म्हणून. माझी आई अठ्ठावीस वर्षं तेवढ्यावर राहिली. ते नव्हतं करायचं."

"नव्हतं करायचं," काका म्हणाले.

जाताना तिनं त्यांना वाकून नमस्कार केला नाही. बूट घालता घालता मेधाला मात्र म्हणाली, फोनचं पुस्तकात घाला.

ऑक्टोबर सरता सरता वारा फिरला, पाऊस झाला आणि एके दिवशी सकाळी बुकित बातोकच्या खिडकीतून समोरची टेकडी झाडाझाडासकट दिसली. ऋता धावत गॅलरीत गेली. पुस्तक डिसेंबरात छापून आलं. दोनशे प्रती. प्रणितानं शेवटपर्यंत ते प्रकरण नको होतं असंच म्हटलं, पण मुद्रितं तीच तपासत बसली, आणि तांडेल या नावातली एक चूक तिनंच पकडली. मुंबईला अभयरावांना प्रत पाठवली. त्यांचं उत्तर आलं नाही. मेधा महिनाभर वाट बघत राहिली, मग तिनं वाट बघणं सोडून दिलं. ज्याला पालखीच आठवायची आहे, त्याला ती आठवू द्यावी असं तिला वाटलं.

रुचिरा जानेवारीत रजा घेऊन गुहागरला गेली. परत आल्यावर ती मेधाला भेटली आणि तिनं सांगितलं ते असं. आईला वाचता येत नाही. मागच्या पडवीत सुपारी फोडत आई बसली होती आणि रुचिरानं ते प्रकरण पहिल्यापासून वाचून दाखवलं. फोनपर्यंत आल्यावर आईनं हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"किती वेळा वाजला?" आईनं विचारलं.

"एकदा."

"आणि बोललं नाही कुणी?"

"नाही."

आईनं फोडलेल्या सुपाऱ्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, "त्यांना फोन कळायचाच नाही गो. पोष्टात माझा भाऊ मुंबयसून फोन करायचा, तर हे उलटाच धरायचे. कानाला बोलायचं आणि तोंडाला ऐकायचं. मास्तर हसायचे." आणि मग आईसुद्धा हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडली. नवऱ्याबद्दल ती इतकं बोलल्याचं रुचिरानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळपर्यंत ती बोलतच होती. त्यांना गरम भात चालायचा नाही. त्यांना रेल्वेची भीती वाटायची, समुद्राची नाही.

हे काकांना सांगावं की सांगू नये, याचा मेधानं दोन दिवस विचार केला. या एका गोष्टीनं त्या घंटेचं काय होतं, हे तिला दिसत होतं. फोन उलटा धरून कुणीतरी बोललं असेल, आणि ते ऐकू गेलं नसेल. किंवा तार जळाली असेल, आणि कुणीच बोललं नसेल. स्वप्नातल्या ज्या पाटीवर काहीच नव्हतं, त्या पाटीवर एक ओरखडा आला होता, आणि तो कसला आहे हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

शेवटी ती गेलीच. काकांना घरात कोंडल्यासारखं झालं होतं, म्हणून प्रणिता त्यांना बेडोकच्या जेट्टीवर घेऊन आली होती. दुपार उतरली होती. हवा स्वच्छ, धुतल्यासारखी. क्षितिजापर्यंत जहाजं नांगर टाकून उभी होती आणि ऊन त्यांच्या पोटांवर पडलं होतं. गळ टाकून बसलेल्या लोकांमधून वाट काढत मेधा त्यांच्या बाकापाशी गेली. आता त्यांना फक्त उजेड आणि सावली कळत होती. तिनं त्यांना जहाजं सांगितली: एक लांबलचक लाल, एक निळं, डेकवर मोठाल्या गोल टाक्या असलेलं एक. ते मान हलवत सुट्या मालाचं बल्क, कंटेनर, गॅसवाहू असं ओळखत गेले.

मग तिनं गुहागरची हकीकत सांगितली, अडकित्त्यापासून रेल्वेच्या भीतीपर्यंत, काहीही न वगळता.

काकांनी ती ऐकली. त्यांचा हात कानापाशी गेला, जणू काही धरलेलं ते उलटं करून बघत होते, आणि मग तो हात मांडीवर येऊन पडला. प्रणितानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"हे पुस्तकात नाही," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"नाही काका. छापून झालं."

"माझी प्रत आहे प्रणिताच्या पिशवीत. त्यात लिही. समासात."

मेधानं पुस्तक मांडीवर उघडलं, पेन्सिल घेतली. समुद्राच्या हवेनं कागद दमट झाला होता, पेन्सिल नीट उमटत नव्हती. तिनं जोर देऊन लिहिलं. गरम भाताचं लिहू का, तिनं विचारलं. सगळं लिही, काका म्हणाले. समास अपुरा पडला तेव्हा ती पान आडवं धरून, कडेकडेनं, वर चढत लिहीत गेली.